चार खुर्च्यांचं जहाज

पाणीपुरवठा खात्यातल्या आरेखकाला फक्त तीन माणसं हवी होती. हुशार, हौशी, कल्पक वगैरे नकोत. नुसती तीन माणसं, जी रविवारी दुपारी दोन ते सहा एका टेबलाभोवती बसतील आणि मधेच उठून जाणार नाहीत. ज्या शहरात बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही, तिथे तीन माणसं मिळायला काय अडचण, असा त्याचा साधा अंदाज होता. या साध्या अंदाजापायी पुढच्या सात आठवड्यांत त्याची जी शोभा झाली, ती त्याच्या खात्यानंही कधी केली नव्हती. आणि खातं या बाबतीत हात आखडता घेणारं नव्हतं.

मामला एका खेळाचा होता. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो आणि बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. अमुक घडलंय, तुम्ही काय करता, असं सूत्रधार विचारतो; तुम्ही सांगता; ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. संपलं. यात न समजण्यासारखं काय आहे, असं आरेखक प्रत्येकाला विचारत असे, आणि प्रत्येक जण घड्याळ बघत असे.

त्याची गोष्ट अंतराळातल्या जहाजाची होती. पृथ्वी सोडून दोनशे वर्षं झालेली. पोटात चारशे माणसं, थंडगार पेट्यांत झोपवलेली. जागे फक्त चार खलाशी. नव्या ग्रहावर पोचायचं, चारशे जणांना उतरवायचं, की गोष्ट पुरी. ती बारा वर्षं चालू होती. जहाजाचा एकूण एक मजला आरेखकानं ऑफिसच्या शिस्तीनं, एकास दोनशे प्रमाणात काढला होता. सांडपाण्याची लाइन कुठून कुठे जाते, ते तो डोळे मिटून सांगू शकला असता. कुणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

चार खलाशांपैकी प्राध्यापकाला जुळी झाली. इलेक्ट्रिकच्या दुकानवाल्याच्या गुडघ्यांना तिसरा मजला झेपेना. बँकेतला कॅशियर पहाटे पळणाऱ्यांच्या गटात शिरला आणि तेव्हापासून त्याच्याशी पळण्याखेरीज दुसऱ्या कशावरही बोलण्याची सोय राहिली नाही. उरला कंपाउंडर. वय बहात्तर. चाळीस वर्षं एकाच डॉक्टरांच्या दवाखान्यात पुड्या बांधलेल्या. बोलणं मोजकं. जहाजावर तो दिशादर्शक होता आणि बारा वर्षांत त्यानं एकही रविवार चुकवला नव्हता.

आठ महिने ते दोघेच समोरासमोर बसत होते. ग्रह खिडकीतून दिसत होता, पण उतरता येत नव्हतं. नियमांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं: उतरताना चारही खुर्च्या भरलेल्या हव्यात. आरेखकानं एकदा सुचवून पाहिलं, की आपण दोघांनी दोन-दोन खुर्च्या वाटून घ्याव्यात. कंपाउंडरनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"चाळीस वर्षांत मी दोन गोळ्यांच्या जागी तीन दिल्या नाहीत," तो म्हणाला. "आता नाही द्यायचो."

मग एका रविवारी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्यानं सांगितलं, की पुढच्या महिन्याच्या अखेरीला मुलगी न्यायला येतेय. कायमचंच. इथलं घर रिकामं करायचं.

"तोवर पोचेल ना आपलं जहाज?" त्यानं विचारलं. दवाखान्यातल्या बाकावर बसलेले लोक 'बरं वाटेल ना?' असं ज्या आवाजात विचारतात, तसाच तो आवाज होता.

"पोचेल की," आरेखक म्हणाला. बाकावरच्या लोकांना हेच सांगतात.

पहिला प्रयत्न सोसायटीच्या फलकावर झाला. सूचना लावायला सेक्रेटरींची परवानगी लागते, आणि सेक्रेटरी निवृत्त अधिकारी असल्यामुळे परवानगी मागायला अर्ज लागतो, तीन प्रतींत.

"फासे आहेत, म्हणजे जुगार झाला," अर्ज वाचून सेक्रेटरी म्हणाले.

"जुगारात काहीतरी पणाला लावतात. आम्ही काहीच लावत नाही."

"काही मिळत नाही?"

"नाही."

"मग खेळता कशाला?"

बारा वर्षांत हा प्रश्न आरेखकाला पडला नव्हता. तो घरी येऊन अर्धा तास गॅलरीत उभा राहिला.

समितीनं शेवटी परवानगी दिली, पण मजकुरातून 'खेळ' काढला, 'फासे' काढले, 'भूमिका' हा शब्द संशयास्पद वाटला म्हणून तोही काढला. उरलं ते असं: 'अंतराळ प्रवास. तीन जागा शिल्लक. इच्छुकांनी तिसऱ्या मजल्यावर संपर्क साधावा.'

त्याच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींचा फोन आला. सहल कधी निघतेय, आणि जेवण धरून आहे का वेगळं.

"मावशी, ती निघून दोनशे वर्षं झालीत."

"बरं. पण परत कधी?"

"परत यायचं नाहीये," आरेखक म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून आला तेव्हा बायको दारातच उभी होती.

"पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन गेले," ती म्हणाली. "तुम्हाला झोप लागते का, जेवण जातं का, सगळं विचारत होते. मी म्हटलं, झोपतात की, घोरतातसुद्धा. ते म्हणाले, तरी गॅलरीला जाळी बसवून घ्या."

पुढचे आठ दिवस जिन्यात जो भेटेल तो आरेखकाच्या खांद्यावर हात ठेवून आयुष्य किती सुंदर आहे ते सांगू लागला. यातल्या एकालाही रविवारी दुपारी वेळ नव्हता.

सल्ले मात्र आले. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, "साहेब, माणूस येतो तो काहीतरी पदरात पडणार म्हणून येतो. सर्टिफिकेट द्या. चांगल्या जाड कागदावर." मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, म्हणाला की घरी बोलावलं तर लोकांना वाटतं, याचं काहीतरी काम असणार. हॉल घ्या. वाचनालयाचा हॉल फुकट असतो.

हॉल फुकट होता. फॉर्म चार पानी होता. वाचनालयातल्या कारकुनानं तो आरेखकासमोर सरकवला आणि पेनच्या टोकानं एका ओळीवर टिचकी मारली: कार्यक्रमाचा प्रकार. क्रीडा, सांस्कृतिक, शैक्षणिक. एकावर खूण करा.

"क्रीडा," आरेखक म्हणाला. खेळच होता शेवटी.

"मग प्रमाणपत्रवाला प्रशिक्षक आणि प्रथमोपचाराची पेटी."

"बसून खेळायचंय हो."

"बसून खेळताना काही होत नाही असं कुठं लिहिलंय?"

"मग सांस्कृतिक करा."

"माइकची परवानगी आणलीत?"

"माइक नाहीये."

"माइक नाही, मग सांस्कृतिक कसा?" कारकुनानं अगदी मनापासून विचारलं.

राहिलं शैक्षणिक. त्याला अभ्यासक्रम जोडावा लागतो. आरेखकानं दोन रात्री, नव्हे, ऑफिसातल्या दोन अख्ख्या दुपारी खर्चून अभ्यासक्रम लिहिला. 'दीर्घकालीन नियोजन व संघभावना: एक प्रात्यक्षिक.' तो इतका चांगला उतरला की आपण आयुष्यभर नळाच्या लाइनी काढण्यात फुकट गेलो, असं त्याला पहिल्यांदा वाटून गेलं.

त्या रविवारी हॉलमध्ये शिपायानं तीस खुर्च्या मांडल्या. आले चार जण. इस्त्रीचा शर्ट घालून कंपाउंडर. एक निवृत्त मुख्याध्यापिका. एक विमा एजंट. आणि बायकोनं दामटून पाठवलेला मेहुणा. सव्वीस खुर्च्या रिकाम्या होत्या, पण आरेखकाला त्या दिसल्याच नाहीत. चार. बरोबर चार. त्यानं कंपाउंडरकडे पाहिलं आणि कंपाउंडरनं हळूच मान हलवली.

हे सुख अकरा मिनिटं टिकलं.

चारशे माणसं दोनशे वर्षं झोपली आहेत, हे ऐकताच मुख्याध्यापिकाबाई ताठ झाल्या. "आधी त्यांना उठवा," त्या म्हणाल्या. "एवढी झोप बरी नाही." उठवलं तर सगळ्यांना पुरेल एवढी हवा नाही, असं आरेखकानं समजावल्यावर त्या म्हणाल्या, मग वर्गवार उठवा. विमा एजंटाला चारशेंच्या वारसांची माहिती हवी होती. पृथ्वीवरचे वारस एव्हाना मरून गेले असणार, हे कळल्यावर त्याचा रस संपला आणि त्यानं आपली माहितीपत्रकं काढून खऱ्या माणसांत वाटायला सुरुवात केली. मेहुणा इतका वेळ गप्प होता. त्याला उकडत होतं.

"हे दार कसलं?" त्यानं नकाशावर बोट ठेवलं.

"बाहेरचं."

"मी ते उघडतो. जरा हवा येऊ दे."

"बाहेर अंतराळ आहे," आरेखक म्हणाला. "हवा येणार नाही. जाईल."

"तुम्ही म्हणालात, काहीही करता येतं. मी उघडतो."

नियम हा नियम. फासा टाकला. मेहुणा त्या दारातून बाहेर गेला आणि गोठून मेला. दार कंपाउंडरनं वेळेवर लावलं म्हणून जहाज वाचलं.

मेहुणा खुर्ची मागे सारून उठला. "पाहुणा म्हणून बोलावलंत आणि पहिल्या पंधरा मिनिटांत मारलंत. वा," तो म्हणाला, आणि गेला. तो उठला म्हणून एजंटही उठला. परीक्षा कधी, असं विचारून आणि ती नाही असं कळल्यावर आपलं सर्टिफिकेट घेऊन बाईही गेल्या. जाताना त्यांनी अभ्यासक्रमातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेननं गोल केले होते.

घरी बायकोनं जेवण वाढलं, पण पानाकडे बघून वाढलं.

"चारशे माणसं होती म्हणता ना तिथं?"

"हो."

"त्यातून मारायला माझाच भाऊ सापडला?"

तीन दिवस एवढंच संभाषण झालं. चौथ्या दिवशी वाचनालयाचं पत्र आलं. शैक्षणिक कार्यक्रमानंतर अहवाल द्यावा लागतो, तो आरेखकानं प्रामाणिकपणे भरून दिला होता. सहभागी: चार. उत्तीर्ण: शून्य. शेरा: एक मृत. पत्रात विचारलं होतं, की सभागृहात झालेल्या मृत्यूबाबत पोलिसांना कळवलं होतं काय, आणि नसल्यास का नाही, याचा लेखी खुलासा करावा.

आरेखक कारकुनापुढे जाऊन उभा राहिला. खेळातला मृत्यू होता, असं त्यानं सांगितलं.

"क्रीडा प्रकारात परवानगी घेतली असती तर खेळातला म्हणता आलं असतं," कारकून म्हणाला. "तुमचा कार्यक्रम शैक्षणिक आहे."

"माणूस जिवंत आहे हो."

"मग आणा. ओळखपत्रासकट."

मेहुणा यायला तयार नव्हता. आधी माफी मागा, म्हणाला. आरेखकानं त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोमुलांसमोर, दार उघडू दिल्याबद्दल माफी मागितली. मेहुण्यानं दोन शनिवार टोलवले आणि तिसऱ्या शनिवारी वाचनालयात येऊन, 'मी जिवंत असून माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' अशा कागदावर सही केली. 'तक्रार नाही' लिहिताना तो बराच वेळ थांबला होता. हॉल आरेखकाला वर्षभरासाठी बंद झाला. आणि तोवर महिना संपला होता.

आरेखक कंपाउंडरकडे गेला तो निरोप द्यायला. खरं तर सांगायला, की नाही जमलं. सवयीनं पिशवीत पुस्तक, नकाशे आणि फासे होते. घरात भिंतींवर कॅलेंडरांचे चौकोन तेवढे उरले होते. खोकी बांधून झाली होती. पण त्या रस्त्यावर चार वाजेपर्यंत ट्रकला मनाई, त्यामुळे ट्रक कोपऱ्यावर उभा, आणि सामान हलवणारा मुकादम आणि ड्रायव्हर खोक्यांवर बसून राहिलेले. मुलगी हातात यादी घेऊन तिसऱ्यांदा तीच खोकी मोजत होती.

"अजून दोन तास," ती वैतागून म्हणाली.

कंपाउंडरनं खोलीत नजर फिरवली. मुकादम, ड्रायव्हर, मुलगी, मग स्वतःकडे बोट. त्यानं आरेखकाकडे पाहिलं. आरेखकानं पिशवी उघडली.

"बाबा, अजून तेच?" मुलगी म्हणाली. पण बसली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ती इंजिनाच्या खुर्चीवर. चालकाची खुर्ची ड्रायव्हरनं न विचारता घेतली.

"याला ब्रेक कुठं असतो?"

"ब्रेक नसतो," आरेखक म्हणाला.

"असली गाडी मी हातात घेत नसतो," ड्रायव्हर म्हणाला. मुकादमानं त्याला कोपरानं ढोसलं, तेव्हा तयार झाला.

मुकादम पन्नाशीचा, जाड भुवयांचा माणूस. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चारशे पेट्या आहेत म्हणता. बांधल्यात का? उतरताना सामान हलतं."

आरेखकानं घाईघाईनं नकाशे चाळले. बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. प्राध्यापकानं नाही, कॅशियरनं नाही.

"पट्टे आहेत," तो म्हणाला. "नकाशा क्रमांक नऊ. प्रत्येक पेटीला दोन."

मुकादमानं नकाशा गुडघ्यावर घेतला, निरखला. "खालून आवळलेत. वरूनपण एक पाहिजे. मी जाऊन सगळे आवळून येतो. तोवर कुणी हलायचं नाही."

फासे पडू लागले. कंपाउंडरनं दिशा धरली: चौदा. जमलं. मुलीनं इंजिन सांभाळलं: अठरा. ती हसली आणि लगेच यादीकडे बघू लागली. मुकादमाचे पट्टे आवळले गेले. राहिला ड्रायव्हर. सात किंवा त्याच्या वर पडलं की जहाज जमिनीवर.

तीन पडले.

आरेखकानं फासा पटकन उचलला. "फासा खोक्याला अडला. हा धरायचा नसतो. परत टाका." बारा वर्षांत तो पहिल्यांदाच खोटं बोलत होता, आणि ते त्याच्या कानांपर्यंत लाल होऊन आलं होतं.

"पडला तो पडला," कंपाउंडर म्हणाला.

मग जहाज आदळलं. आरेखकानं ते खालच्या मानेनं सांगितलं. पुढचा भाग पुरता गेला. पट्टे आवळले होते म्हणून मागच्या पेट्यांसाठी पुन्हा फासे टाकता आले, आणि मुकादमानं ते दोन्ही हातांत घोळवून, जपून टाकले. चारशेपैकी एकशे चाळीस वाचले.

"दिशादर्शकाची खुर्ची पुढच्या भागात असते ना?" कंपाउंडरनं विचारलं.

"हो."

"म्हणजे मी गेलो."

"हो."

कंपाउंडरनं बारा वर्षांचा आपला कागद उचलला, पुडी बांधावी तशा चोख घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. "पोचलो, ते बरं झालं," तो म्हणाला. "अर्धवट टाकून जायला पाय निघत नव्हता."

चार वाजले. ट्रक आला. खोकी खाली गेली. मुलगी जिन्यात आरेखकाजवळ थांबली. वडील शेवटची कडी लावत होते, तिकडे बघत तिनं हळू आवाजात विचारलं, "आमच्या तिकडे असतील का कुणी हे खेळणारे? तीन-चार माणसं मिळाली तरी पुरेत ना?"

"शोधावी लागतील," आरेखक म्हणाला.

कंपाउंडर गाडीत बसला. हात हलवला नाही, मान हलवली. गाडी गेली. ट्रकची फळी लावून मुकादम मागे वळला.

"त्या एकशे चाळिसांचं पुढं काय?"

"ते अजून ठरवलं नाही."

"पाणी आहे का तिथं?"

"तेही नाही ठरवलं."

"ठरवा. माणसं उतरवून अशी उघड्यावर टाकता येत नाहीत," मुकादम म्हणाला. "मी येतो. हा पण येईल, याच्यामुळंच झालंय." ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून मान खाली घालून बसला होता.

आरेखक ट्रकच्या फळीपर्यंत पुढे आला. "रविवारी? दुपारी दोनला?"

"रविवार-सोमवार असलं आमचं काही नसतं, साहेब. आज इथं, उद्या तीनशे किलोमीटरवर. तुमच्या शहरात कुणाचं घर हलायचं असलं तर सांगा. तेव्हा येणं होतं. सामान भरून झालं की बसू."

सोमवारी ऑफिसात गडबड होती. आवक-जावकच्या लेखनिकाची बदली झाली होती, लांब कुठल्या तरी गावी. सगळे त्याच्या टेबलाभोवती जमून चुकचुकत होते. आरेखक गर्दीतून वाट काढत पुढे आला. त्यानं लेखनिकाचा हात दोन्ही हातांत धरला.

"सामान किती आहे?" त्यानं विचारलं.

"सामान कसलं आलंय? एकटा जीव," लेखनिक म्हणाला. "दोन बॅगा. संध्याकाळच्या बसनं निघतोय."

आरेखकाचा चेहरा असा पडला की आजूबाजूचे चुकचुकणारे गप्प झाले. हात सोडून तो आपल्या टेबलाशी जाऊन बसला. लेखनिकाला भरून आलं. इतकी वर्षं शेजारी बसून हा माणूस कधी धड दोन शब्द बोलला नव्हता, आणि आपल्यावर त्याचा एवढा जीव आहे हे कळायला बदली व्हावी लागली.